कच्चा लिंबू आणि पक्का गडी

मराठी मुलांच्या खेळात एक जुनी सोय आहे. धाकटा भाऊ, सुट्टीत आलेली लहानगी मामेबहीण किंवा नुकताच आजारातून उठलेला एखादा मुलगा खेळायचा हट्ट धरून बसला, म्हणजे थोरली मुले त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवून डावात घेतात. त्याने सगळ्यांबरोबर पळायचे, ओरडायचे, धापा टाकायच्या. मात्र तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याने कोणाला शिवले तर तेही धरले जात नाही. हट्ट पुरवला जातो, रडणे थांबते आणि डावही मोडत नाही. कोणत्याही नियमपुस्तकात नसलेली ही तरतूद पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात एक उमदेपणा आहे, हे नाकारता येणार नाही.

परंतु कच्चा लिंबू हे तात्पुरते पद आहे. वर्ष-दोन वर्षांत मूल मोठे होते आणि पक्का गडी बनते. आमच्या गल्लीत एक मुलगा असा होता की जो कधीच पक्का झाला नाही. बीड जिल्ह्यातील आमच्या गावातली, १९९० च्या सुमाराची ही गोष्ट. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. बोलणे त्याला उशिरा समजे, आकडे मुळीच समजत नसत. चेंडू विहिरीकडे गेला की आणण्याचे काम त्याचे. संध्याकाळी उजेड सरत आला म्हणजे आम्ही त्याच्या हाती बॅट देत असू आणि हळूच चेंडू टाकत असू. एके दिवशी त्याने तो चेंडू खरोखरच बांधापलीकडे टोलवला आणि धावा लिहिणाऱ्या मुलाकडे वळून विचारले, “किती झाले रं?” आम्ही सारे हसलो. मीही हसणाऱ्यांत होतो. धावा कोणीच लिहिल्या नव्हत्या. पुढे आम्ही शेजारच्या गावाशी पैज लावून सामने खेळू लागलो, तेव्हा त्याला भिंतीवर बसावयास सांगण्यात आले आणि तो तिथेच बसून राहिला.

आज महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना, ‘समावेशन’ हा शब्द परिपत्रकांतून आणि भाषणांतून वारंवार कानी पडत असताना, मला तो प्रश्न आठवतो. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना खेळात सामावून घेण्याविषयी आपण विद्यार्थ्यांना जे शिकवितो ते बहुतांशी कच्च्या लिंबाचेच शिक्षण आहे. आपण त्यांना मैदानात जागा द्यावयास शिकवितो. त्यांची धाव मोजावयास शिकवीत नाही. वस्तुतः समावेशनाचा सारा अर्थ या दुसऱ्या गोष्टीतच आहे.

प्रश्न किती मोठा?

पूर्वी ज्यांना सरसकट ‘मतिमंद’ म्हटले जाई, त्यांच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ ही संज्ञा स्वीकारली. २०११ च्या जनगणनेत जुन्या नावाच्या रकान्यात देशभरात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. त्याच जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजारांच्या आसपास होती. देशाचे प्रमाणच जिल्ह्याला लावले, तर तीन हजारांहून अधिक व्यक्ती आपल्या जिल्ह्यात असावयास हव्यात. हा केवळ कागदी हिशेब आहे आणि घराच्या आतल्या खोलीत ठेवलेले मूल गणनेसाठी दारी आलेल्या शिक्षकाला सांगितले जातेच असे नाही. तरीही एवढा आकडा पुरेसा बोलका आहे. आपल्यापैकी किती विद्यार्थ्यांनी यांतल्या एकाबरोबर तरी एखादा डाव खेळला आहे, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात विचारून पाहावे.

न खेळण्याचे कारण केवळ दुष्टपणा नव्हे. या मुलांसाठी महाराष्ट्रात जे काम उभे राहिले ते पालकांच्या आणि ध्येयवेड्या शिक्षकांच्या बळावर, वेगळ्या शाळांच्या रूपाने. मुंबईत वकील दांपत्याने १९४४ साली आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली शाळा, पुण्याची १९६४ सालची कामायनी, नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेले प्रबोधिनी विद्यामंदिर ही त्यांतील ठळक नावे. सर्वसाधारण शाळांनी ज्यांना दारातून परत पाठविले त्यांना या संस्थांनी पोटाशी धरले. या ऋणाचा विसर पडता कामा नये. पण या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला की, इतर मुले त्यांना न पाहताच मोठी झाली. ‘चौकट राजा’ किंवा ‘कच्चा लिंबू’ हा चित्रपट पाहून डोळे पुसणारा आपला मध्यमवर्ग शेजारच्या घरातील तशाच मुलाशी काय बोलावे हे न कळून रस्ता बदलतो, याचे मूळ येथे आहे.

दयेचा कार्यक्रम

विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख होते ती बहुधा ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी. बस करून विशेष शाळेत जायचे, बिस्किटांचे पुडे वाटायचे, धावण्याच्या शर्यतीत टाळ्या वाजवायच्या, सर्वांना सारखीच बक्षिसे द्यायची आणि छायाचित्र काढून परतायचे. अशा एका कार्यक्रमात भाषण करण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि मीही ती सुप्रसिद्ध गोष्ट सांगितली होती. शर्यतीत एक मुलगा पडतो. बाकीचे सगळे धावपटू थांबतात, मागे वळतात, त्याला उठवितात आणि हातात हात घालून अंतिम रेषा ओलांडतात. टाळ्या भरपूर मिळाल्या.

ती गोष्ट पुरती खरी नाही, हे मला नंतर कळले. तिचा माग काढणाऱ्यांना जे मूळ सापडले ते अमेरिकेतील स्पोकेन येथील १९७६ च्या स्पर्धेतले. तेथे एक धावपटू पडला, तेव्हा एक-दोघे मदतीला मागे वळले. बाकीचे जिंकण्यासाठी पळतच राहिले. मला आता खरी हकीकत अधिक मोलाची वाटते. मदतीला वळणारे दोघे चांगलेच; पण जे पळत राहिले त्यांनी काही गैर केले नाही. त्यांनी महिनोन्‌महिने सराव केला होता आणि त्यांना पहिले यावयाचे होते. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला ईर्षा नसते, हार-जीत समजत नाही, ती केवळ प्रेमाची मूर्ती असते, ही आपली समजूत गोड आहे. पण तीही एक प्रकारे त्यांना डावातून वगळणारीच आहे. ज्याला हरण्याचा अधिकार नाही, त्याच्या जिंकण्यालाही अर्थ राहत नाही.

बरोबरीची लढत

मग धाव मोजायची कशी? शाळेतील वेगवान मुलाबरोबर त्याला एकाच रेषेवर उभे करून ‘हीच समता’ म्हणणे ही तर क्रूर थट्टा होय. अमर्त्य सेन यांनी १९७९ साली ‘समता कशाची?’ असा प्रश्न एका व्याख्यानात विचारला होता. साधने सर्वांना सारखी दिली म्हणून सर्वांना सारखे काही करता येते असे नाही. माणसाला प्रत्यक्षात काय करता येते, हे पाहिले पाहिजे, हा त्यांच्या विवेचनाचा रोख. अर्थशास्त्राच्या तासाला हे समजावून सांगताना विद्यार्थी जांभया देतात. मैदानावर ते पाच मिनिटांत समजते.

त्यासाठी ‘स्पेशल ऑलिंपिक्स’ची पद्धत पाहण्याजोगी आहे. युनिस केनेडी श्रायव्हर या बाईंनी १९६२ साली आपल्या घराच्या आवारात बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले आणि शाळा-महाविद्यालयांतील तरुण मुले त्यांना जोडीदार म्हणून दिली. त्यातूनच २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिल्या स्पर्धा झाल्या. या स्पर्धांत आधी प्राथमिक फेरी घेतात आणि तिच्यातील कामगिरी पाहून साधारण सारख्या कुवतीच्या खेळाडूंचे छोटे गट पाडतात. सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद यांच्यात सुमारे पंधरा टक्क्यांहून अधिक अंतर असू नये, असा त्यांचा दंडक आहे. सोप्या गटात जाण्यासाठी प्राथमिक फेरीत मुद्दाम सावकाश धावणाऱ्याला बाद करण्याचीही सोय आहे. म्हणजे येथे दया नाही, मोजमाप आहे. आणि मोजमाप आहे म्हणूनच लढत आहे. जून २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक स्पर्धांत भारताच्या खेळाडूंनी २०२ पदके मिळविली, ती अशा लढतींतून.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘युनिफाइड’ अर्थात संयुक्त संघ. यात बौद्धिक दिव्यांग खेळाडू आणि इतर साथीदार एकाच संघातून खेळतात. बास्केटबॉलमध्ये मैदानावरील पाचांपैकी तीन दिव्यांग खेळाडू आणि दोन साथीदार असे प्रमाण असते. साथीदाराने सगळे गोल आपणच करून सामना जिंकून द्यावयाचा नसतो. चेंडू योग्य वेळी योग्य गड्याकडे देणे हेच त्याचे कौशल्य. पहिल्या दिवशी तो उपकारकर्त्याच्या तोऱ्यात येतो आणि दहाव्या दिवशी ‘आमचा बचाव कच्चा आहे’ म्हणून सरांशी भांडू लागतो. या ‘आमचा’ शब्दासाठीच हा सारा खटाटोप.

आपल्या शेजारच्या तेलंगणातील दीप्ती जीवनजी हिचे उदाहरण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. वारंगळ जिल्ह्यातील शेतमजुरांची ही मुलगी. गावाने तिची चेष्टा केली. शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला मात्र तिचे धावणे दिसले. मे २०२४ मध्ये जपानमधील कोबे येथे तिने ४०० मीटर धावण्याच्या आपल्या गटात ५५.०७ सेकंदांचा, त्या वेळचा जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्या शिक्षकाजवळ काय होते? मुलीकडे पाहण्याची नजर आणि वेळ मोजण्याची सवय.

सिडनीचा धडा

मोजमापाच्या या क्षेत्रात लबाडीही झाली, आणि तीही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. २००० सालच्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलचे सुवर्णपदक स्पेनने जिंकले. संघात शिरलेल्या एका पत्रकाराने काही दिवसांतच सत्य उघड केले: बारांपैकी दहा खेळाडूंना बौद्धिक दिव्यांगत्व नव्हतेच. पदके परत गेली. परंतु शिक्षा भोगली ती भलत्यांनीच. पात्रता तपासण्याची खात्रीलायक पद्धत नाही म्हणून अथेन्स आणि बीजिंग या पुढच्या दोन्ही पॅरालिंपिकमधून बौद्धिक दिव्यांगांच्या स्पर्धा वगळण्यात आल्या. ते परतले थेट २०१२ साली, लंडनमध्ये. मधल्या बारा वर्षांत ज्यांचे उमेदीचे वय उलटून गेले त्यांचा काय अपराध होता? दुर्बलांसाठी राखलेल्या जागेवर सबलाने बसावे आणि चोरी पकडल्यावर ती जागाच काढून घेतली जावी, हा अनुभव आपल्याला इतर क्षेत्रांतही नवा नाही. बनावट प्रमाणपत्र ही केवळ सरकारची फसवणूक नसते, हे समजावून देण्यास याहून चांगला दाखला मिळणार नाही.

फडावरचा हिशेब

‘हे सारे शिकागो-बर्लिनला ठीक, बीडला साध्या मुलांना धड मैदान नाही, तेथे ही चैन कशाला?’ असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे किंवा पाटोद्याचा राहुल आवारे जगाच्या मैदानावर पोहोचले, ते सुविधांमुळे नव्हे, सुविधा नसतानाही. पण या आक्षेपाचे उत्तरही याच मातीत आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल त्या हिशेबाने मिळते. घरात बौद्धिक दिव्यांग मूल असेल, तर त्याच्यापाशी कोणी थांबावे? आई थांबली तर अर्धा कोयता उरतो आणि उचल फिटत नाही. म्हणून मूल एकतर फडावर जाते, गाडीतळावरच्या कोपीत दिवसभर बसते, नाहीतर गावी म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात पडते. अशा घरात त्या मुलाने शिकलेली प्रत्येक लहान गोष्ट म्हणजे आईचा मोकळा झालेला वेळ असतो. सूचना ऐकून ती पाळणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दिशा ओळखणे, बूट स्वतः बांधणे, पडल्यावर उठणे हे सारे खेळाच्या तासाला शिकता येते. अंदाजपत्रकाच्या भाषेतच बोलायचे तर, फक्की, दोरी, चार चेंडू आणि आठवड्याचा एक तास एवढ्या गुंतवणुकीवर याहून चांगला परतावा देणारी योजना माझ्या माहितीत नाही. आणि परतावा नसता तरी? अविनाशच्या धावण्याचा परतावा किती, हे आपण कधी विचारले होते काय?

शिवाय हा आता मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या उपरोक्त अधिनियमाच्या कलम ३० ने खेळात सहभागी होण्याचा दिव्यांगांचा हक्क मान्य करण्याची जबाबदारी क्रीडा प्राधिकरणांवर टाकली आहे. तर कलम ३९ शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांतून दिव्यांगत्वाविषयी व दिव्यांगांच्या हक्कांविषयी प्रबोधन करावयास सांगते. ही दोन कलमे एकत्र वाचली, तर मैदान हाच वर्ग होतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, विद्यार्थ्यांना नियम करावयास शिकवावे. खो-खोचे नियम काही आकाशातून पडले नाहीत. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यातील मंडळींनी बसून ते बांधले. माणसांनी केलेले नियम माणसे बदलू शकतात. आठवी-नववीच्या मुलांना लगोरी देऊन सांगावे: संघातील एका गड्याला उशिरा समजते, एकच नियम असा बदला की तोही पुरा खेळेल आणि डावातली चुरसही जाणार नाही. मुले आपणहून सांगतील की उभे राहण्याच्या जागा फक्कीने आखू, सूचना तोंडी न देता करून दाखवू, एका वेळी एकच सांगू, डाव लहान करू. आणि मग त्यांच्या लक्षात येईल की आखलेल्या जागांमुळे सगळ्यांचाच खेळ सुधारला.

दुसरी गोष्ट, भेट वर्षातून एकदा नव्हे, तर सत्रभर दर आठवड्याला व्हावी. तालुक्यातील एक सर्वसाधारण शाळा आणि एक विशेष शाळा यांची जोडी लावावी. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करावयाचे असते. त्यांतील काही तास त्याने साथीदार-खेळाडू म्हणून घाम गाळण्यात घालवावेत. हंगामी वसतिगृहांतही संध्याकाळचा एक तास असा ठेवता येईल.

तिसरी गोष्ट, काळजीची. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. काहींना फिट्स येतात. म्हणून कोलांटउडी किंवा कबड्डीतील झटापट देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. पण काळजी म्हणजे मनाई नव्हे.

आणि चौथी गोष्ट, धावांची वही. प्रत्येक गड्याचे नाव, त्याचा मागचा वेळ आणि आजचा वेळ तीत लिहावा. बक्षीस सर्वांना सरसकट देऊ नये. जिंकणाऱ्याला द्यावे आणि हरणाऱ्याला पुढच्या आठवड्याची तारीख द्यावी.

आज आपल्यासमोर बसलेले विद्यार्थी उद्या शिक्षक होतील, तलाठी होतील, जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीमागे लिपिक म्हणून बसतील. त्या खिडकीशी एक आई मोठ्या मुलाचा हात धरून उभी राहील, आणि खिडकीमागचा माणूस “याचे नाव काय?” असे आईला विचारील की “तुझे नाव काय?” असे त्या मुलाला विचारील, हे बरेचसे त्याने बाराव्या वर्षी कोणाबरोबर खेळले त्यावर ठरेल.

आमच्या गल्लीतला तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे. गावी गेलो म्हणजे पारावर बसलेला दिसतो, मला ओळखतो, हसतो. त्याने टोलवलेला तो चेंडू बांधापलीकडे गेला होता. आमच्या नियमाप्रमाणे त्याचे सहा होत होते. ते तेव्हाच लिहावयास हवे होते.